ग्लासगोतल्या ओसाड जागा आणि ३२ कौन्सिलांचा तक्ता

कॅनॉलकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे, आज सविस्तर लिहिते. स्कॉटलंडमध्ये राहणारे इथे बरेच आहेत, आणि मुंबईच्या गिरण्यांच्या जागांचं काय झालं हे जवळून पाहिलेलेही आहेत. दोघांशी बोलायचंय.

स्कॉटलंडमध्ये दरवर्षी एक सरकारी पाहणी होते. प्रत्येक कौन्सिलने (म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेने) आपल्या हद्दीतल्या रिकाम्या आणि ओसाड जागा शोधायच्या, नकाशावर टाकायच्या आणि सरकारला कळवायच्या. पहिली पाहणी १९८८ मध्ये झाली आणि १९९३ पासून ती वर्षाआड नव्हे, दरवर्षी होते. ०.१ हेक्टरपेक्षा लहान जागा मोजत नाहीत, म्हणजे आपल्याकडचे साधारण दहा गुंठे ही खालची मर्यादा. जागांचे दोन वर्ग केलेत. 'रिकामी' म्हणजे वस्तीतली, बांधायला तशी काही अडचण नसलेली, पण नुसती पडून असलेली. 'ओसाड' म्हणजे जिथे जुनी इमारत मोडकळीला आलीय किंवा आधीच्या वापराने जमीनच इतकी बिघडलीय की आधी ती दुरुस्त केल्याशिवाय काहीच करता येत नाही. ओसाड जागा गावाबाहेरच्याही मोजतात.

२०२० च्या सुमाराला या सगळ्याची बेरीज ११,००० हेक्टरच्या आसपास होती. अख्ख्या डंडी शहराच्या जवळजवळ दुप्पट. त्यानंतर आकडा खाली आला आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

पाहणीसोबत कौन्सिलनिहाय तक्ता येतो. बातम्यांत दरवेळी त्यातली वरची तीन-चार नावं येतात: नॉर्थ एअरशायर, नॉर्थ लॅनर्कशायर, हायलँड, ग्लासगो. आणि वाचणाऱ्याला वाटतं की चला, सगळ्यात वाईट अवस्था कुणाची ते कळलं. माझं म्हणणं असं की हा तक्ता हेक्टरवर लावल्यामुळे खरी गोष्ट झाकली जाते.

नॉर्थ एअरशायर वर का आहे? मुख्यतः एका जागेमुळे. अर्डीअर नावाचं समुद्रकाठचं वाळूच्या टेकड्यांचं टोक आहे. आल्फ्रेड नोबेलने १८७१ मध्ये तिथे डायनामाइटचा कारखाना काढला. स्फोट झालाच तर आजूबाजूला वस्ती नको म्हणून त्याने मुद्दाम असं आडबाजूचं ठिकाण निवडलं होतं. पुढे तो जगातल्या सर्वांत मोठ्या स्फोटक कारखान्यांपैकी एक झाला, हजारो माणसं तिथे कामाला होती. कारखाना आटत गेला तशी शेकडो हेक्टर जागा मागे उरली. ती एकच नोंद अख्ख्या कौन्सिलला तक्त्यात वर नेऊन ठेवते, पण तिच्या कुंपणाला लागून राहणारी माणसं त्या मानाने थोडी.

आता ग्लासगो. इथल्या जागा लहान लहान आहेत. कुठे पाडलेल्या शाळेची, कुठे चाळवजा टेनेमेंट पाडून उरलेली, कुठे फाउंड्रीची (लोखंड ओतण्याच्या कारखान्याची). पण त्या माणसांच्या मधोमध आहेत. स्कॉटिश लँड कमिशन आणि पर्यावरण संरक्षण संस्था 'सेपा' यांनी २०१८ मध्ये एक कृतिगट नेमला होता, त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. त्यातली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: स्कॉटलंडची जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्या एखाद्या ओसाड जागेपासून ५०० मीटरच्या आत राहते. सर्वांत गरीब वस्त्यांमध्ये हेच प्रमाण ५५ टक्के. ग्लासगोत तर साधारण ६० टक्के लोकांच्या घरापासून पाच-सात मिनिटांवर अशी रिकामी किंवा ओसाड जागा आहे.

मी पॉसिलपार्कच्या बाजूला राहते. इथे वॉल्टर मॅकफार्लेनची सॅरासेन फाउंड्री होती. शोभिवंत ओतीव लोखंडासाठी ती जगभर प्रसिद्ध होती, म्हैसूरच्या राजवाड्यातले लोखंडी खांब तिथलेच. फाउंड्री १९६७ मध्ये बंद झाली. सगळी वस्तीच त्या फाउंड्रीभोवती उभी राहिलेली, तेव्हा पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

आमच्या रस्त्यावर एक जागा आहे, साधारण पंधरा गुंठ्यांची. जाळीच्या कुंपणाचा एक भाग वाकवून लोकांनी वाट केलीय. आत विटांचे तुकडे, त्यातून उगवलेली बडलियाची झुडपं, कोपऱ्यात कुणीतरी रात्री आणून टाकलेल्या गाद्या आणि टायर. एका बाजूला जुन्या इमारतीच्या तळमजल्याची फरशी अजून शाबूत आहे, टाइल्ससकट. पावसाळी दिवसात (म्हणजे बहुतेक दिवस) तिच्यावर पाणी साचतं. बाजूच्या पाऊलवाटेने शाळेत जाणारी मुलं संध्याकाळी चारनंतर अंधार पडला की रस्ता ओलांडून पलीकडून जातात. शेजारच्या आजी सांगतात की त्यांच्या मुलाच्या लहानपणीही ती अशीच होती, आणि आता नातवंडं हायस्कुलात आहेत. तक्त्यात ती जागा एक-सातांश हेक्टर एवढीच. बेरजेत तिचा पत्ताही लागत नाही.

म्हणून माझा मुद्दा: कौन्सिलांची तुलना करायचीच असेल तर किती हेक्टर हे विचारण्याआधी घरापासून किती लांब आणि किती वर्षांपासून हे विचारायला हवं. तुमचे अनुभव आणि मतं वाचायला आवडतील. वेगळं मत असेल तर तेही जरूर लिहा.

नवखा_ग्लासगोकर

ताई, फार चांगला धागा. मला एक प्राथमिक शंका आहे. एवढं श्रीमंत शहर होतं म्हणतात, 'साम्राज्याचं दुसरं शहर' वगैरे. मग मधोमध एवढ्या जागा रिकाम्या राहिल्या तरी कशा? लंडनमध्ये असं दिसत नाही.

कॅनॉलकाठची

दोन गोष्टी एकदम झाल्या. कारखाने गेले आणि माणसंही गेली, आणि माणसं गेली ती बरीचशी सरकारी धोरणाने.

१९३० च्या दशकाच्या अखेरीला ग्लासगोची लोकसंख्या ११ लाखांच्या घरात होती. २००० नंतर ती ६ लाखांच्या खाली आली होती. मधल्या काळात जुन्या दाट वस्त्या पाडून २९ ठिकाणी सरसकट पुनर्विकास करायचं ठरलं, ईस्ट किलब्राइड आणि कंबरनॉल्डसारखी नवी गावं वसवून लोकांना तिकडे हलवलं. एम-८ मोटरवे शहराच्या पोटातून गेला. पाडण्याचं काम झपाट्याने झालं, बांधण्याचं तेवढं झालं नाही. त्यातच जहाजबांधणी, पोलाद, रेल्वे इंजिनं सगळं बसत गेलं. स्प्रिंगबर्नला नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी होती, तिची इंजिनं हिंदुस्थानातल्या रेल्वेवर धावायची. ती १९६२ मध्ये बंद पडली. त्याच भागातला सेंट रोलॉक्सचा रेल्वे कारखाना तर अगदी २०१९ मध्ये बंद झाला.

लंडनमध्ये जमिनीला इतका भाव आहे की घाण साफ करूनही बिल्डरच्या हातात पैसे उरतात. इथे उत्तर ग्लासगोत साफसफाईचा खर्चच जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. म्हणून कुणी हात लावत नाही.

लालबागकर

वाचून पोटात कालवलं. आमच्या घरातले दोघे गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो.

फरक सांगतो. मुंबईत गिरण्यांच्या जागा साधारण ६०० एकर, ५८ गिरण्या. तिथे जागेला भाव नव्हता असं कधीच नव्हतं, उलट भावच फार होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला: गिरणीची जागा विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. चार्ल्स कोरियांच्या समितीने १९९६ मध्ये सगळ्या जागांचा एकत्रित आराखडा कसा करता येईल ते मांडलं होतं. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, इमारती पाडून जी जागा सुटेल ती हिशेबातच नाही. उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. ज्या ठिकाणी बागा आणि कामगारांची घरं व्हायची तिथे टॉवर झाले.

म्हणजे तुमच्याकडे जागा कुणालाच नको म्हणून पडून, आमच्याकडे सगळ्यांना हवी म्हणून हातची गेली. पण दोन्हीकडे ज्यांनी त्या जागेवर आयुष्य काढलं त्यांना कुणी विचारलं नाही. तुमच्या आजीबाईंचं वाक्य मला आमच्या चाळीतल्या कुणाचंही वाटलं.

सातबारा

मी भूमी अभिलेखाशी संबंधित काम केलं आहे म्हणून एका वेगळ्या अंगाने लिहितो.

आपल्याकडे 'पडीक जमीन' म्हटलं की लोक राष्ट्रीय पडजमीन ॲटलास पुढे करतात. तो उपग्रहाच्या चित्रांवरून, १:५०,००० प्रमाणावर तयार होतो. २०१९ च्या आवृत्तीत देशातली जवळपास १७ टक्के जमीन पडीक दाखवली आहे. पण त्यात काय काय येतं? खडकाळ माळ, झुडपी जंगल, क्षारपड, वाळवंट, बर्फाखालचा भागसुद्धा. आणि शहरातला दहा गुंठ्यांचा बंद कारखाना? तो त्या प्रमाणावर दिसणारच नाही. शिवाय मेंढपाळ ज्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या जनावरं चारतो तोही कागदावर पडीक.

स्कॉटलंडच्या पद्धतीतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक जागेची वेगळी नोंद, नकाशासह, आणि आधीचा वापर काय होता, मालकी कुठल्या प्रकारची आहे, जागा कधीपासून यादीत आहे हेही लिहिलेलं. ही माहिती लोकांना खुली आहे. महाराष्ट्रात एका तरी महापालिकेने बंद कारखान्यांची अशी यादी दरवर्षी काढली तर केवढं काम सोपं होईल! आपल्याकडे १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली जादा जमिनींच्या याद्या झाल्या होत्या, पण त्यातली फार थोडी जमीन प्रत्यक्ष ताब्यात आली, आणि २००७ मध्ये राज्याने तो कायदाच रद्द केला.

कॅनॉलकाठची

@सातबारा, ही तुलना फार मोलाची आहे, धन्यवाद. याद्यांबद्दल एक पुरवणी. वर मी म्हटलं की बेरीज खाली आलीय. पण यादीतून जागा दोन प्रकारे जाते. एक, तिथे खरंच काहीतरी उभं राहिलं. दुसरं, व्याख्येच्या कारणाने वगळली. उदाहरणार्थ, इतकी वर्षं पडून राहिली की तिथे रान माजलं, आणि कौन्सिलने 'आता ही निसर्गात मिसळली' असं ठरवलं. अहवालात या दोन गोष्टी वेगळ्या दाखवतात, पण बातमीत 'ओसाड जमीन घटली' एवढंच येतं. घट कशामुळे झाली ते बघितल्याशिवाय कौतुक करू नये.

पक्षीवेडा

इथे मला थोडा विरोध नोंदवायचाय. रान माजलेली जागा यादीतून गेली तर त्यात वाईट काय?

वेस्ट लोदियनमध्ये तेलयुक्त शेलचे लालसर ढिगारे आहेत, त्यांना इथे 'बिंग' म्हणतात. १८५० नंतर जेम्स यंगने तिथे खडकातून पॅराफिन काढायला सुरुवात केली, आणि पुढे शंभर वर्षं जळालेला शेल डोंगरासारखा रचत गेले. आज त्या बिंगांवर जी वनस्पतींची विविधता आहे ती भोवतालच्या शेतात नाही. 'फाइव्ह सिस्टर्स' हा पाच सुळक्यांचा ढीग तर संरक्षित स्मारक आहे. तुम्ही लिहिलेल्या अर्डीअरच्या वाळूतही दुर्मीळ कीटक आणि मधमाश्या आहेत, कारण वर्षानुवर्षं तिथे कुणी नांगर फिरवला नाही की औषध मारलं नाही. गार्टकॉशचा पोलाद कारखाना १९८६ ला बंद झाला, त्या जागेवर मोठ्या तुऱ्याच्या न्यूटची (पाणसरड्यासारखा उभयचर प्राणी) इतकी मोठी वसाहत झाली होती की बांधकामाआधी त्यांच्यासाठी बाजूला वेगळं अभयारण्य करावं लागलं.

'ओसाड' हा शिक्का बसला की बिल्डरला रान मोकळं. मला भीती याची वाटते.

सुजाता_ई_एच

पक्षीवेडा यांच्याशी अर्धी सहमत. पण अर्डीअरचं वाळूचं टोक आणि पॉसिलपार्कची टायर पडलेली जागा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. शाळेच्या रस्त्यावरच्या पंधरा गुंठ्यांत गाद्या पडल्यात, त्याला निसर्ग म्हणून सोडून द्या असं एडिनबराच्या सुखवस्तू मॉर्निंगसाइड भागात कुणी सांगेल का? तिथे आठवड्यात उचललं असतं.

पक्षीवेडा

मान्य, मुद्दा पटला. माझा आग्रह एवढाच की जागा पुन्हा वापरात आणणे म्हणजे घरंच बांधणे असं धरू नका.

माती_तपासनीस

मी दूषित जमिनींच्या तपासणीत काम करते, म्हणून 'घाण साफ करणे' म्हणजे नेमकं काय ते लिहिते. यात लोकांचा फार गोंधळ असतो.

ग्लासगोच्या आग्नेयेला, रदरग्लेनजवळ शॉफील्ड येथे जे. अँड जे. व्हाइटचा रासायनिक कारखाना होता. १८२० पासून १९६० च्या दशकापर्यंत. क्रोमियमची रसायनं बनवायचे, एके काळी ब्रिटनच्या एकूण उत्पादनातला मोठा वाटा तिथला होता. कामगारांच्या नाकातला मधला पडदा क्रोमने झडून जायचा. मजूर चळवळीचे नेते केअर हार्डी यांनी १८९९ मध्ये या कारखान्यातल्या कामगारांच्या हालांवर पत्रकं काढली होती, आणि मालक धर्मादाय कामासाठी मान पावलेला लॉर्ड होता.

कारखान्याचा गाळ टाकायचा कुठे? तर खाणींचे खड्डे, खोलगट जागा, मैदानं भरायला वापरला. लाखो टन. नुसत्या कारखान्याच्या आवारात नाही, आसपासच्या कित्येक ठिकाणी. षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) पाण्यात विरघळतं आणि वर्षानुवर्षं झिरपत राहतं. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये तिथला पोलमडी ओढा चक्क हिरवापिवळा झाला. कारखाना बंद होऊन पन्नास वर्षं उलटल्यावर!

आता उपाय. सगळी माती उपसून दुसरीकडे नेणं म्हणजे प्रश्न ट्रकमध्ये भरून दुसऱ्या गावाला देणं. त्यामुळे बऱ्याचदा मातीतच रसायन मिसळून विषारी क्रोमियमचं कमी घातक रूपात रूपांतर करतात, वर स्वच्छ मातीचा थर देतात, भूजलाच्या विहिरी घेऊन वर्षानुवर्षं नमुने तपासतात. २००८ च्या आसपासपासून क्लाइड गेटवे ही सार्वजनिक संस्था त्या पट्ट्यात हे काम करते आहे. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेचं क्रीडाग्राम शेजारच्या डालमार्नकला झालं, आज तिथे लोक राहतात. म्हणजे होतं, पण सार्वजनिक पैसा आधी ओतावा लागतो. खाजगी विकासक असल्या जमिनीवर पहिला येत नाही.

आपल्या देशातही हेच दुखणं आहे. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेट कारखाना बंद झाल्यावर लाखभर टनांहून जास्त कचरा उघड्यावर राहिला. रायगड-रत्नागिरीत रासायनिक वसाहती आहेत. तिथले कारखाने ज्या दिवशी बंद होतील त्या दिवसाच्या आधीच मातीचा हिशेब मागायला हवा.

आयर्शायरवासी

माती_तपासनीस यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण पाठिंबा, कारण आमच्या ईस्ट एअरशायरमध्ये नेमकं तेच झालं नाही.

इथे उघड्या कोळसा खाणी होत्या. परवानगी देताना कंपनीकडून जमीन पूर्ववत करण्यासाठी हमीची रक्कम घ्यायची असते. २०१३ मध्ये स्कॉटिश कोल दिवाळखोरीत गेली तेव्हा लक्षात आलं की जमा असलेली हमी आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळच नाही, कोट्यवधी पौंडांची तफावत. खाणींची प्रचंड विवरं पाण्याने भरत गेली. कौन्सिल लहान, उत्पन्न बेताचं. काही ठिकाणी काम झालं, काही ठिकाणी जेवढ्या पैशात जमेल तेवढंच. इथल्या गावांत कोळशाव्यतिरिक्त दुसरं काही नव्हतं. काम गेलं, आणि खड्डे तेवढे राहिले.

कौन्सिलनिहाय तक्ता बघताना हेही बघा की कुठल्या कौन्सिलकडे जागा जास्त आणि हाताशी माणसं-पैसा कमी आहे. २००४ नंतर ओसाड जमिनींसाठी निधी सुरू झाला, पण तो मोजक्या कौन्सिलांनाच मिळत आलाय.

नवखा_ग्लासगोकर

मदरवेलच्या रेव्हन्सक्रेगबद्दल कुणी लिहिलं नाही. ट्रेनमधून जाताना दिसतं.

कॅनॉलकाठची

रेव्हन्सक्रेगचा पोलाद कारखाना १९९२ मध्ये बंद झाला, १९९६ मध्ये कूलिंग टॉवर पाडले. शेकडो हेक्टर जागा, युरोपातल्या सर्वांत मोठ्या ओसाड औद्योगिक जागांपैकी एक. आज तिथे कॉलेज आहे, मोठं क्रीडा संकुल आहे, घरं झालीत, तरी बराच भाग अजून मोकळा. नॉर्थ लॅनर्कशायर तक्त्यात वर असण्याचं ते एक कारण. तीस वर्षांहून जास्त काळ लागतोय, यावरून अंदाज करा.

लालबागकर

एक विचारायचं राहिलं. कर? मुंबईत मोकळ्या भूखंडालाही भांडवली मूल्यावर मालमत्ता कर लागतो. वसुली कशी होते तो वेगळा विषय, पण लागतो तरी. तुमच्याकडे रिकामी जागा धरून बसणाऱ्याला काही भरावं लागतं का?

कॅनॉलकाठची

दादा, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. इथे व्यावसायिक मालमत्तेवर जो कर आहे तो इमारत आणि वापर यांच्याशी बांधलेला आहे. इमारत पाडून जागा नुसती मोकळी ठेवली की बहुतेक वेळा काहीच भरावं लागत नाही. म्हणजे मोडकळीला आलेली पण दुरुस्त होण्यासारखी इमारत पाडून टाकणं मालकाला स्वस्त पडतं. आणि पाडल्यावर घाई कशाला? भाव वाढेल तेव्हा बघू.

यावर ग्लासगोत शंभर वर्षांहून आधी चर्चा झालीय हे कळल्यावर मला फार आश्चर्य वाटलं होतं. १८८४ मध्ये अमेरिकन अर्थविचारवंत हेन्री जॉर्ज इथे आले होते, तेव्हा शहरात 'स्कॉटिश लँड रिस्टोरेशन लीग' स्थापन झाली. जमिनीच्या मूल्यावरच कर लावा, ही मागणी. पुढे ग्लासगोच्या नगरपालिकेनेही ती उचलून धरली. झालं काहीच नाही.

माझं मत ठाम आहे. जागा धरून ठेवण्याला जोवर काही किंमत मोजावी लागत नाही तोवर कितीही पाहण्या करा, आमच्या रस्त्यावरची जागा पुढच्या तक्त्यातही असेल.

सुजाता_ई_एच

सहमत. त्याच्या जोडीला सक्तीच्या विक्रीचा आदेश हवा. म्हणजे अमुक वर्षं जागा नुसती पडून असेल तर कौन्सिलने ती खुल्या लिलावात विकायला लावायची, पैसे मालकालाच मिळतील पण जागा हलेल. २०१४ मध्ये जमीन सुधारणा आढावा गटाने हे सुचवलं, २०१८ मध्ये लँड कमिशनने त्याचा तपशीलवार प्रस्ताव दिला. कायदा अजून झालेला नाही. कौन्सिलला सक्तीने संपादन करता येतं, पण त्यासाठी आधी तिजोरीत पैसे हवेत आणि पुढे वकील.

सातबारा

पण मालकच सापडत नसेल तर?

सुजाता_ई_एच

आधी रजिस्टर्स ऑफ स्कॉटलंड या जमीन नोंदणी कार्यालयाकडे शोधायचं, थोडी फी असते. पुष्कळदा विसर्जित झालेली एखादी कंपनी निघते. अशी बेवारस मालमत्ता राजसत्तेकडे जाते, आणि ती सांभाळणारं वेगळं सरकारी कार्यालय आहे, त्यांच्याशी पत्रव्यवहार करता येतो.

पक्षीवेडा

चांगली उदाहरणंही येऊ द्या. कॅनॉलकाठची ताई, तुमच्या जवळचं क्लेपिट्स लिहिलंच नाहीत?

कॅनॉलकाठची

हो, ते लिहायलाच हवं. हॅमिल्टनहिलचे क्लेपिट्स म्हणजे फोर्थ-क्लाइड कालव्यासाठी चिकणमाती काढलेले खड्डे. नंतर तिथे कारखाने आले आणि गेले, आणि कित्येक दशकं ती जागा लोकांनी टाळलेली होती. स्थानिक रहिवासी, कालवे सांभाळणारी स्कॉटिश कॅनॉल्स ही संस्था आणि कौन्सिल यांनी मिळून तिचं स्थानिक नैसर्गिक अभयारण्य केलं. २०२१ पासून कालव्यावर पादचारी पूल आहे, त्यामुळे पॉसिलपार्कची माणसं चालत पलीकडे मेरीहिलला जाऊ शकतात. रविवारी सकाळी तिथे गेलात तर पाळण्यातली बाळं, कुत्री, सायकली, आणि वर टेकडीवरून अख्खं शहर दिसतं. कधी हरणंही. इथे एकही घर बांधलेलं नाही, तरी ही जागा यादीतून हक्काने बाहेर पडलीय.

दुसरं नॉर्थ केल्विन मेडो. जुन्या खेळाच्या मैदानांची जागा, पालकांनी आणि रहिवाशांनी तिथे झाडं लावली, मुलांसाठी उपक्रम केले. तिथे फ्लॅट बांधायला परवानगी मिळाली होती, पण २०१६ च्या शेवटी स्कॉटिश सरकारने ती नाकारली. मात्र ती वस्ती सुखवस्तू वेस्ट एंडजवळची, तिथे लिहिणारे, बोलणारे, वेळ काढू शकणारे लोक होते. पॉसिलमध्ये दोन पाळ्या करणारी आई नियोजन समितीसमोर दुपारी दोनला कशी जाणार? म्हणून सगळं लोकांच्या उत्साहावर सोडून चालत नाही.

नवखा_ग्लासगोकर

ताई, मग तुमच्या रस्त्यावरच्या जागेसाठी आता काय करता येईल? मी डेनिस्टनला राहतो, लांब नाही. हाताला हात लावायला तयार आहे.

कॅनॉलकाठची

फार बरं वाटलं वाचून. सध्या असं ठरतंय:

मालक कळला आहे, त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याला आम्ही शेजाऱ्यांनी मिळून पत्र पाठवलंय की विकायचं नसेल तर निदान तात्पुरती वापरायला द्या. ग्लासगो कौन्सिलची 'स्टॉल्ड स्पेसेस' नावाची योजना आहे, अशा अडकलेल्या जागांवर तात्पुरत्या बागा, वाफे, खेळ यासाठी ती मदत करते. उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर दुसरा मार्ग आहे. २०१५ च्या समुदाय सक्षमीकरण कायद्याने दुर्लक्षित, टाकून दिलेली किंवा परिसराला अपाय करणारी जमीन विकत घेण्याचा हक्क स्थानिक समुदायाला दिलाय, २०१८ पासून तो वापरता येतो. त्यासाठी रीतसर संस्था नोंदवावी लागते, लोकांचा पाठिंबा दाखवावा लागतो, आधी मालकाशी सरळ व्यवहाराचा प्रयत्न केल्याचा पुरावा लागतो, आणि शेवटी मंत्र्यांची संमती. वेळखाऊ आहे, म्हणून पत्रांच्या प्रती आतापासून जपून ठेवतोय.

मातीची तपासणी मात्र वाफे घालण्याआधी हवीच. @माती_तपासनीस, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवते, नमुने कुठून किती खोलीवर घ्यायचे ते विचारायचंय.

माती_तपासनीस

जरूर पाठवा. आधी एक करा: मिचेल लायब्ररीत त्या रस्त्याचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे बघा, १८५० च्या दशकापासूनचे मिळतील. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरही ते फुकट आहेत. तिथे आधी नुसती घरं होती की रंगाचं दुकान, गॅरेज, धोबीखाना असं काही होतं, त्यावर काय तपासायचं ते ठरतं. नुसती घरं असतील तर मुख्यतः शिसं आणि कोळशाची राख. गॅरेज असेल तर तेलाची टाकी जमिनीखाली आहे का ते आधी शोधावं लागेल. तोवर मुलांना तिथली माती खणू देऊ नका, आणि लावायचंच असेल तर खाली कापड अंथरून उंच लाकडी पेट्यांत, विकत आणलेल्या मातीत लावा.

लालबागकर

पेट्यांत मेथी लावा, लवकर येते. धाग्यावर पुढची खबर देत राहा ताई. मालकाचं उत्तर आलं की कळवा.

कॅनॉलकाठची

नक्की. शनिवारी अकरा वाजता लायब्ररीत नकाशे बघायला जातेय. ग्लासगोतलं आणखी कुणी येणार असेल तर निरोप टाका, नकाशे वाचायला चार डोळे जास्त असलेले बरे.